मनालीत रोज सकाळी गाडी सुरू होत नाही? आधी आवाज ऐका

तक्रार दर डिसेंबरला तीच. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून गाडी घेऊन निघालेली मंडळी लांबचा पल्ला बिनबोभाट कापून मनालीला पोचतात. दिवसभर गाडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चावी फिरवली की ती उठत नाही. अकराच्या सुमारास ऊन अंगावर आलं की काहीच झालं नसल्यासारखी सुरू होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परतताना चंदीगडला मेकॅनिकला दाखवली तर तो स्कॅनर लावून बघतो आणि सांगतो, ‘कुछ नहीं है इसमें.’ त्याचं चुकत नाही. चंदीगडच्या दुपारी त्या गाडीत खरोखरच काही नसतं.

हा बिघाड गाडी गारठलेली असतानाच पकडावा लागतो, म्हणजे ऊन येण्याआधी. आणि त्याचं मूळ सकाळी क्वचितच असतं. आदल्या संध्याकाळी गाडी कुठे आणि कशी उभी केली, त्याच्याही आधी टाकीत डिझेल कुठल्या पंपावरचं भरलं, तिथे ते असतं. म्हणून खाली प्रत्येक लक्षणाबरोबर आदल्या संध्याकाळी काय करायचं तेही सांगतो.

थंडीचा अंदाज हवा म्हणून आकडे: मनाली सुमारे 2050 मीटरवर, जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या दोन-चार अंश खाली जातो. अटल बोगद्याच्या पलीकडचं सिस्सू 3100 मीटरच्या आसपास, तिथे उणे 10 नवलाचं नाही. स्पीती खोऱ्यातलं काझा 3600 मीटरच्या वर, तिथे उणे 20. मनालीत कशीबशी चाललेली गाडी सिस्सूत मुक्काम केला की हमखास अडते ती यामुळेच.

कुणालाही विचारलं तर पहिला सल्ला मिळतो, ‘बॅटरी बदलून टाक.’ पैसे काढण्याआधी बॉनेटजवळ उभं राहून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि ऐका.

सेल्फ टक-टक करतो किंवा ओढत ओढत फिरतो

डॅशबोर्डचे दिवे मंदावले, रिले टकटकला, किंवा सेल्फ दोन फेरे ओढून थांबला, तर ती बॅटरीच. शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे 18 अंशांना तिची इंजिन फिरवण्याची ताकद निम्म्यावर येते, आणि शून्यालाही घट चांगलीच जाणवते. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झालेलं असल्यामुळे इंजिन फिरवायला एरवीपेक्षा जास्त जोर लागतो. जुन्या गाडीत 20डब्ल्यू-50 ऑइल असेल तर हा फरक फार पडतो. कंपनीच्या पुस्तकात 5डब्ल्यू-30 चालत असेल तर निघण्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगला तेच भरा.

लोक समजतात थंडीने बॅटरी मेली. मारलेली असते उन्हाळ्याने. विदर्भातल्या 45 अंशांच्या मे महिन्यात बॉनेटखाली जी उष्णता साठते तिने प्लेटा झिजतात. घरी कोमट हवेत ती झीज लपून राहते, मनाली ती उघडी पाडते. म्हणून तीन वर्षांपुढची बॅटरी असेल तर घरूनच लोड टेस्ट (भार देऊन बॅटरी तपासणं) करून घ्या. मीटर हाताशी असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा व्होल्टेज सकाळी बघा: 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 म्हणजे पावही जेमतेम. चांगला व्होल्टेज दाखवूनही लोड आल्यावर कोसळणाऱ्या बॅटऱ्या असतात, त्या लोड टेस्टलाच सापडतात.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. भरलेली बॅटरी हिमाचलच्या कुठल्याही थंडीत गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं आणि ते उणे 7-8 लाच गोठतं. सिस्सूत रात्री आतला दिवा चालू राहिला तर सकाळी बॅटरीचा डबा फुगलेला दिसू शकतो. अशा बॅटरीला जंप देऊ नका, ती फुटू शकते. ती काढून खोलीत आणायची आणि वितळल्यावरही तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

एरवी जंप देताना लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचं. खिशात मावणारे लिथियमचे जंप स्टार्टर मिळतात, ते छान चालतात, पण ते रात्री डिकीत ठेवले तर सकाळी तेही गारठलेले असतात. खोलीत घेऊन जा. धक्का स्टार्टचा विचारही नको. बर्फाळ उतारावर ब्रेक बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत नसलेली गाडी ढकलून मोकळी सोडणं हा वेडेपणा आहे.

आदल्या संध्याकाळी इंजिन बंद करण्याआधी पंखा, मागच्या काचेचा डिफॉगर, दिवे आणि चार्जर बंद करा. डॅशकॅम थेट वायरिंगला जोडलेला असेल तर त्याचा पार्किंग मोड बंद करा. अलीकडे ‘बॅटरी नवी तरी रोज उतरते’ अशी तक्रार ऐकली की मी आधी डॅशकॅमच विचारतो.

सेल्फ झकास फिरतो, पण इंजिन पकडत नाही. किंवा पकडतं आणि पाच मिनिटांत मरतं

इथे बॅटरी बदलून काही होणार नाही. गाडी डिझेलची असेल तर संशय थेट इंधनावर घ्या.

डिझेलमध्ये मेण असतं. उष्ण हवेत ते विरघळलेलं राहतं, गारठ्यात त्याचे स्फटिक बनतात. थंडीत खोबरेल तेलाची बाटली आधी गढूळ होते आणि मग गच्च बसते, तोच प्रकार. फरक इतकाच की डिझेल गच्च व्हायची गरजच नसते. नुसतं गढूळ झालं तरी फिल्टरच्या बारीक कागदावर मेणाचा थर बसतो आणि पुढे डिझेल जात नाही. पाइपात आणि फिल्टरपुढे जे थोडं डिझेल शिल्लक असतं त्यावर इंजिन सुरू होतं, दोन-पाच मिनिटं चालतं, अडखळतं, बंद पडतं. स्कॅनरवर फार तर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, कमी असल्याचा कोड दिसतो. तो वाचून इंजिनचा डिझेल पंप बदलायला निघालेले लोक मला ठाऊक आहेत. पंप निर्दोष असतो.

आपल्याकडे डिझेलचं मानक आहे आयएस 1460. फिल्टरमधून डिझेल कुठल्या तापमानापर्यंत वाहिलं पाहिजे याची त्यात मर्यादा आहे: उन्हाळी डिझेलला 18 अंश, हिवाळीला 6 अंश. दोन्ही आकडे शून्याच्या वरचे आहेत हे नीट बघा. प्रत्यक्षात पंपावरचं डिझेल बहुतेक वेळा याहून बरंच खाली टिकतं, पण मानक हमी देतं ती एवढीच. नागपूरच्या किंवा इंदूरच्या पंपावर भरलेलं डिझेल टाकीत ठेवून सिस्सूत रात्र काढली तर तक्रार कुणाकडे करणार?

नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, त्याचा प्रवाहबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत ते वाहतं तो, उणे 33 अंशांचा आहे. म्हणजे इलाज अस्तित्वात आहे. मात्र डोंगरातल्या प्रत्येक पंपावर तेच मिळतं असं धरून चालू नका. पंपावर स्पष्ट विचारा, ‘विंटर डीजल है क्या?’

आता योजना. मैदानातलं डिझेल वर न्यायचं नाही. कुलूला पोचेपर्यंत टाकी पावावर आणा, पण त्याखाली नको, कारण बर्फात अडकलात तर इंधनच ऊब देतं. मग मनालीत टाकी पूर्ण भरा. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागा उरत नाही, त्यामुळे रात्री आत पाणी कमी धरतं. भरल्यावर लगेच हॉटेलवर नेऊन उभी करू नका, वीसेक किलोमीटर चालवा. फिल्टरमध्ये आणि पाइपात जुनं डिझेल बसलेलं असतं, रात्री गोठणार ते तेच. अँटी-जेल नावाची रसायनं मिळतात, ती डिझेल पातळ असतानाच, भरण्याआधी टाकीत ओतायची. एकदा मेण धरल्यावर ती ओतून उपयोग नाही, झालेलं मेण त्यांनी वितळत नाही.

निघण्यापूर्वी फिल्टर नवा घाला आणि त्याच्या तळाचं पाणी काढून टाका. या पाण्याचाही बर्फ होतो आणि लक्षण मेणासारखंच दिसतं. त्याच मापाचा आणखी एक फिल्टर डिकीत टाकलात तर अडचणीत लाख मोलाचा ठरतो, कारण डोंगरातल्या दुकानात तुमच्या मॉडेलचा असेलच असं नाही.

झालंच आणि गाडी उठत नसेल तर सेल्फ मारत बसू नका, चांगली बॅटरीही त्यात जाईल. बॉनेट उघडून फिल्टर शोधा. आईने बळेच सामानात कोंबलेली गरम पाण्याची पिशवी इथे कामाला येते. ती फिल्टरला टेकवून वरून टॉवेल गुंडाळा, वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी बदला. हॉटेलात हेअर ड्रायर आणि लांब वायर मिळाली तर आणखी बरं. उकळतं पाणी थेट ओतू नका, आजकाल फिल्टरचं झाकण प्लास्टिकचं असतं आणि शेजारी सेन्सरची वायर असते. तेही नको असेल तर ऊन येईपर्यंत चहा घेत थांबा. खरं तर निम्म्या लोकांना एवढाच सल्ला पुरतो.

दोन उपाय मात्र हमखास सुचवले जातील. ट्रकवाले टाकीखाली शेकोटी किंवा स्टोव्ह लावतात. त्यांची टाकी लोखंडी असते आणि तरीही तो प्रकार धोक्याचाच. तुमच्या गाडीची टाकी बहुधा प्लास्टिकची आहे. दुसरा उपाय डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा. जुन्या पंपांना ते पचत असे. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनांच्या पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळतं आणि रॉकेलने ते कमी होतं. बीएस-6 गाडीत रॉकेलमधल्या गंधकाने धूर गाळणारी यंत्रणाही बिघडते. दुरुस्तीचा आकडा ऐकून सहलीचा खर्च स्वस्त वाटेल.

ज्या गाड्यांत डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) भरावं लागतं त्यांचे मालक विचारतात की ते गोठलं तर काय. ते उणे 11 ला गोठतंच, पण त्याच्या टाकीत हीटर असतो आणि इंजिन त्यासाठी अडून राहत नाही. फक्त गळ्यापर्यंत भरू नका, गोठताना ते फुगतं.

डिझेल पातळ आहे, तरी उठत नाही? मग हीटर प्लग, म्हणजे सेल्फ मारण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरची कॉइलची पिवळी खूण विझेपर्यंत थांबा, मग बंद करून पुन्हा ऑन करा, दोन-तीनदा असं करून मगच सेल्फ मारा. 3100 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाइतकाच असतो. सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा कमी, म्हणून ती तापतेही कमी. एखादा हीटर प्लग गेलेला असेल तर पुण्यात वर्षभर कळत नाही, इथे पहिल्याच सकाळी कळतं.

पेट्रोलवाल्यांना मेणाची भीती नाही. त्यांच्या गाडीत सेल्फ चांगला फिरूनही पकडत नसेल तर वारंवार प्रयत्नांनी प्लग ओले झाले असण्याची शक्यता जास्त. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या त्या वेळी पेट्रोल तोडतात आणि प्लग सुकतात.

इंजिन चालू, गाडी हलत नाही

क्लच सोडला की गाडी जागीच दबते, मागची चाकं फिरत नाहीत, किंवा फरफटत येतात. क्लच प्लेट गेली असं वाटतं. हँडब्रेक गोठलेला असतो. दिवसा वितळत्या बर्फाच्या चिखलातून गाडी आणली, तसाच हँडब्रेक ओढला, रात्री ब्रेकच्या ड्रमच्या आतलं पाणी गोठून लायनर ड्रमला चिकटले.

जोर लावून उपटायला जाऊ नका, लायनर सुटून येईल. रिव्हर्स आणि पहिला गिअर आलटून पालटून टाकत हलके झोके द्या. मग ड्रमवर लाकडाने ठोका. तरी नाही तर कोमट पाणी ओता आणि सुटल्याबरोबर लगेच गाडी चालवत ब्रेकवर हलका पाय ठेवून तो सुकवा. ओता आणि चहाला जा असं केलंत तर तेही पाणी गोठेल.

यावर संध्याकाळचा उपाय सोपा आहे. शेवटच्या किलोमीटरला दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून लायनर गरम करा, सपाट जागी उभी करा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडून द्या. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ आणि दगड. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक इंजिन बंद होताच आपोआप लागतो, तो न लागू देण्याची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी, पुस्तक घरीच वाचून निघा. जागा निवडताना सकाळचं ऊन कुठे आधी येतं ते हॉटेलच्या पोऱ्याला विचारा. आणि पत्र्याच्या उतरत्या छपराखाली लावू नका. साचलेला बर्फ सकाळी एकदम घसरून खाली येतो, तो टप फोडू शकतो.

काच, पाणी, हवा

वायपर संध्याकाळीच उभे करून ठेवा, काचेवर पुठ्ठा किंवा जाड चादर टाका. सकाळी काचेवर कढत पाणी ओतलं की ती तडकते. जुनं प्लास्टिकचं कार्ड खरवडायला पुरतं. वॉशरच्या टाकीतलं साधं पाणी गोठून मोटर जळते. तीनांत एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा, केमिस्टकडे मिळतं.

कुलंटबद्दल जरा दटावूनच सांगतो. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टाकत राहायची सवय आहे. महाराष्ट्रात ते खपतं. इथे पाणी गोठताना 9 टक्के फुगतं आणि रेडिएटरच काय, इंजिनचा ब्लॉकही चिरतो. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे 35 पर्यंत चिंता नाही. नुसतं घट्ट कुलंट भरू नका, शुद्ध ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं, पाणी मिसळल्यावरच त्याचा गुण येतो.

चाकातल्या हवेचं गणित लोक अर्धंच करतात. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की दाब सुमारे 1 पीएसआय कमी होतो. पुण्याच्या 30 अंशांतून उणे 5 ला गेलात तर 33 ची हवा पाचेक पीएसआयने उतरायला हवी. पण उंचीमुळे बाहेरचा दाब कमी झालेला असतो, त्यामुळे पुण्याहून सिस्सूपर्यंत गेजवर साडेतीन-चार पीएसआय वाढतात. दोन्ही मिळून फरक दीड-दोनचाच उरतो. ‘थंडीत हवा कमी होते’ म्हणून खालीच चार-पाच जास्त भरून निघालात तर वर चाकं टणक होतात आणि पकड आणखी जाते. मनालीत सकाळी, गाडी चालवण्याआधी, तपासून पुस्तकातल्या आकड्यावर आणा. बर्फासाठी म्हणून मुद्दाम हवा काढायचीही गरज नाही.

चढावर बसते, उतारावर घसरते

सकाळी सुरू झालेली गाडी दुपारी मनालीजवळच्या सोलंगच्या चढावर बसते, ही दुसरी रोजची तक्रार. आपल्या गाड्यांचे टायर उष्ण हवेसाठी बनलेले असतात. 7 अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक होतं. रुंद खाचांचे ऑल टेरेन टायर दिसायला दणकट, पण बाजूला तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह नसेल तर बर्फावर त्यांच्या भरवशावर राहू नका.

घसरण्याचा हिशेब पाहा. 40 च्या वेगात ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरावर गाडी साधारण 9 मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर 30 मीटर लागतात. काचेसारख्या गोठलेल्या थरावर 60 च्या पुढे. वेग 20 वर आणलात तर त्याच थरावर 16. म्हणजे हातात उरतो तो वेगच. फोर बाय फोरने यात काही फरक पडत नाही. ती गाडी चढवते, थांबवत नाही, आणि बर्फात आडव्या झालेल्या गाड्यांत फोर बाय फोरही कमी नसतात.

खंडाळा किंवा आंबोली उतरणाऱ्याला इंजिन ब्रेकिंग शिकवायची गरज नाही. तेच इथे करायचं, फक्त गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. मध्येच दुसऱ्यातून पहिल्यात घेऊन क्लच झटक्यात सोडला तर चाकं अडखळतात आणि घसरण तिथेच सुरू होते. चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने, मध्ये न थांबता. म्हणूनच पुढची गाडी पूर्ण वर गेल्याशिवाय चढ सुरू करू नका. चाक जागीच फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. फिरणारं चाक बर्फ वितळवून स्वतःखाली काच तयार करतं. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करून, चाकापुढे फूट मॅट किंवा माती टाकून बघा. एबीएस असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरा, पायाखालची धडधड म्हणजे बिघाड नव्हे. गाडीचं बूड घसरलं तर ब्रेक सोडून जिथे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग हळू वळवा.

पांढरा बर्फ निदान दिसतो. धोका ओल्या डांबरासारख्या दिसणाऱ्या पारदर्शक थराचा. तो सावलीच्या वळणांवर, पुलांवर, रस्त्यावरून नाला वाहतो तिथे असतो. अटल बोगद्याच्या 9.02 किलोमीटरमध्ये रस्ता कोरडा असतो, गाडी मजेत पळते, आणि उत्तर मुखातून बाहेर पडताच गोठलेला उतार समोर येतो. ब्रेक बोगद्याच्या आत असतानाच लावायचा. शून्याच्या आसपासचा बर्फ उणे 15 च्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. दुपारी वितळलेलं सगळं सूर्य डोंगराआड गेला की गोठतं. सिस्सूहून तीनच्या आत परत निघा.

बर्फात चाकांना बांधायच्या चेन मनालीत भाड्याने मिळतात, पण मापाच्या मिळतील याची खात्री नाही. टायरच्या बाजूवरचा पूर्ण आकडा दाखवून घ्या. त्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावायच्या: बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या, बोलेरो आणि इनोव्हा क्रिस्टासारख्यांत मागच्या. हॉटेलच्या अंगणात एकदा लावून बघा. अडकल्यावर चिखलात गुडघे टेकून, बधिर बोटांनी, मागचे हॉर्न ऐकत पहिल्यांदा लावायला जाणं म्हणजे शिक्षा आहे. चेन लावून 30-40 च्या वर जायचं नाही, आणि कोरडं डांबर लागलं की काढायच्या. नाहीतर तुटलेली कडी मडगार्ड आणि ब्रेकची नळी झोडपत राहते.

बर्फ पडू लागला की पोलीस साध्या गाड्या खालीच थांबवतात आणि फोर बाय फोर किंवा चेनवाल्यांनाच पुढे सोडतात. तिथे ओळख काढून पुढे जाण्याचा हट्ट नको. डिसेंबर 2024 मध्ये नाताळच्या सुमारास सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या आणि पर्यटकांना बाहेर काढताना पोलिसांची रात्र गेली.

अडकलातच तर

पाकिस्तानात मरीच्या डोंगरात जानेवारी 2022 मध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांत किमान 22 माणसं गेली. बंद काचांच्या, हीटर चालू असलेल्या गाडीत बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोप येते आणि माणूस उठत नाही.

म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी दर वेळी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरा. तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवा, तेवढ्या वेळात वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवा, आणि एक जण जागा राहील असं बघा. छोटं फावडं, ब्लँकेट, पाणी, चिक्की, टॉर्च आणि ओढायची दोरी हे सामान डिकीत तळाला नव्हे, मागच्या सीटवर असू द्या, डिकीचं दार गोठून बसू शकतं. दोरी अडकवायचा हूक आजकाल बंपरला बसवलेला नसतो. तो टूलकिटमध्ये सुटा असतो आणि बंपरवरचं चौकोनी झाकण काढून आटे फिरवून लावावा लागतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. घरी एकदा लावून बघा.